गाडीचा गंज आणि पावसाचें पाणी

लोखंडास गंज चढतो हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु आपल्या मोटारीस तो कोठें चढला आहे, हें तिच्या मालकास पुष्कळदां फार उशिरां कळतें. बाहेरून पाहावें तों रंग तकतकीत आणि पितळेप्रमाणें उजळलेलीं हातळें. पण पायांखालची सतरंजी उचलावी तों खालीं पत्र्याच्या जागीं चाळण! जुनी गाडी हौसेनें राखणाऱ्या कुटुंबांस हा अनुभव नवा नाहीं.

उदाहरणादाखल मुंबईकरांच्या परिचयाची पद्मिनी घ्यावी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही फियाट वंशाची गाडी तयार होई; १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें. नवी पद्मिनी बनणें केव्हांच थांबलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशा झाल्या. आतां ज्या थोड्या घरीं ती उरली आहे, तेथें तिचें शरीर टिकविणें हाच मुख्य प्रश्न होय.

शरीर हा शब्द येथें योजून वापरला आहे. पूर्वींच्या मोटारींत भक्कम लोखंडी सांगाडा वेगळा व वरची पेटी वेगळी असे. पेटी कुजली तरी सांगाडा भार वाहत राही. फियाटनें १९५३ सालीं काढलेल्या ११०० या गाडीची, आणि म्हणून तिच्या वंशांतील पद्मिनीचीही, घडण निराळी. तींत पत्र्याची पेटी हाच सांगाडा. दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळया आणि तळाचा पत्रा मिळून गाडीचा कणा बनतो. तो कुजला, तर गाडी उचलतांना जॅक पत्र्यांत घुसतो, दारें नीट लागेनाशीं होतात, आणि अपघाताच्या वेळीं आंत बसलेल्या माणसांचें रक्षण करण्याचें बळ त्या पेटींत राहत नाहीं. म्हणून गंजाचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे.

लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी यांच्या संयोगानें गंज उत्पन्न होतो. समुद्रकांठचें मीठ ती क्रिया जलद करतें. ॲल्युमिनियमवर चढणारा थर त्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असल्यामुळें तो पाणी धरून ठेवतो व खालचें लोखंड खातच राहतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगावर बारीक फोड दिसूं लागला, कीं आंतील पत्रा बराच पोखरला गेला आहे असें समजावें.

तेव्हां प्रथम पाणी कोठून येतें हें शोधलें पाहिजे. तें जेथें साचतें तेथूनच आलें असा ग्रह करून घेऊं नये. पुढील कांचेच्या कोपऱ्यांतून शिरलेलें पाणी आंतल्या आंत ओघळून आसनाखालीं साचतें. गाडी पूर्ण कोरडी करून आंत शंकास्थळीं खडूची भुकटी भुरभुरावी. एकानें विजेरी घेऊन आंत बसावें आणि दुसऱ्यानें बाहेरून नळीनें मंद धार सोडावी. धार नेहमीं खालून आरंभून हळूहळू वर न्यावी. वरून आरंभ केला तर ओघळणारें पाणी सर्वच सांधे भिजवितें व दोषी सांधा सांपडत नाहीं. भुकटींत उमटलेला ओघळ चोराची वाट दाखवितो.

पुष्कळदां दोष कांचेभोवतींच्या कडक झालेल्या रबराचा असतो. त्यावर बाहेरून चिकट लुकण फासलें, तर आंत शिरलेलें पाणी खांचेंतच अडकतें. कांच उतरवून, खांचेंतील गंज काढून नवें रबर बसविणें हाच खरा उपाय. दारांची गोष्ट निराळी. कांचेच्या फटींतून दारांत थोडें पाणी जाणारच. तें बाहेर पडावें म्हणून दाराच्या तळाशीं छिद्रें ठेवलेलीं असतात. गळती समजून तीं बुजविणें म्हणजे दार आंतून कुजविणें होय.

गळती थांबल्यावर पत्र्याकडे वळावें. वरवरचा गंज पॉलिश पेपरनें खरवडून फॉस्फोरिक आम्ल लावलें असतां फॉस्फेटचा पातळ थर तयार होतो. दिल्लींतील महरौलीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उभा आहे, त्याच्या रक्षणांतही फॉस्फेटच्या थराचा वांटा असल्याचें शास्त्रज्ञांस आढळलें आहे. तथापि भोंक पडलेल्या पत्र्यास आम्ल तारीत नाहीं. तेथें चकचकीत, निरोगी धातु लागेपर्यंत पत्रा कापावा आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगनें जोडावा. तत्पूर्वीं बॅटरीची जोडणी सोडवावी व पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. तुळई कापतांना गाडीस खालून पक्का आधार द्यावा, आणि दारांच्या फटी वारंवार तपासाव्या. नाहींतर गाडी वांकडीच जोडली जाते. जोडानंतर दोन्ही बाजूंस प्रायमर, सांध्यांत लुकण आणि पोकळींत मेणाचा फवारा हवा.

कांहीं कारागीर भोंकांत पुटी भरून वर रंग देतात. गाडी सुंदर दिसते. परंतु पुटीस बळ नाहीं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें कापडांत गुंडाळलेलें लोहचुंबक तळाकडील पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं, तेथें लोखंड नाहीं.

या दक्षतेस आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाडीस व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळूं शकते. पण तिच्या सांगाड्यांत, पेटींत किंवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा. मूळ पेटी वेळींच राखली, तरच तो मान तिला लाभेल.

म्हणून पावसाळ्यापूर्वीं दारांचीं छिद्रें तारेनें मोकळीं करावीं. आश्विनाचें ऊन पडूं लागलें, कीं सतरंज्या काढून, दारें उघडीं टाकून गाडी वाळवावी आणि तळ हातानें चांचपून पाहावा. वर्षांतून दोन दिवसांचा हा खटाटोप. पण त्यानेंच गाडी पुढील पिढीच्या हातीं सुरक्षित जाते.