एका पानाचा खोळंबा

महाडजवळ सावित्रीच्या खाडीकांठीं दासगांव वसलें आहे. मुंबई-गोवा महामार्ग गांवाला लागून जातो आणि जवळच कोंकण रेल्वेचें वीर स्टेशन आहे. रोहा ते वीर हा ह्या रेल्वेचा टप्पा १९९३ सालीं सुरू झाला. योगायोग असा, कीं लिहिलेला कागद कोणत्याहि संगणकावर एकसारखाच दिसावा, म्हणून अमेरिकेंतील अ‍ॅडोबी कंपनीनें काढलेलें पीडीएफ हें रूपहि त्याच सालचें. आज दुकानाचा हिशेब, शाळेची यादी, विम्याचा दावा, सारें ह्याच रूपानें गांवांतून शहरांत जातें.

ह्या खोऱ्याला पावसाचें भय नवें नाहीं. जुलै २००५ मध्यें दासगांवांत दरड कोसळून माणसें दगावलीं. जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड शहर पाण्याखालीं गेलें. अशा संकटानंतर नुकसानीची यादी वेळेंत पोहोंचविणें, हें घर सावरण्याइतकेंच निकडीचें काम होऊन बसतें. तेव्हां अशाच यादीचें एक कल्पित उदाहरण घ्यावें. एका दुकानदारानें भिजलेल्या मालाची तीस ओळींची यादी एक्सेलच्या शीटवर तयार केली. पान एकच. संध्याकाळपर्यंत तें पीडीएफ करून धाडावयाचें आहे. परंतु आज्ञा दिली, कीं संगणक दहा-दहा मिनिटें स्तब्ध बसतो. विजेचा भरंवसा नाहीं आणि मुदत तर टळत चालली. अशा वेळीं मनुष्य यंत्राला दोष देतो, किंवा पुन्हां पुन्हां तीच कळ दाबून खोळंबा वाढवितो.

यंत्राची बाजू मात्र निराळी असते. मनुष्याला पान दिसतें. यंत्राला त्या पानामागचें सारें ओझें दिसतें. एक्सेलच्या २००७ पासूनच्या शीटमध्यें १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. त्यांतल्या किती जागेला कधीं काळीं हात लागला आहे, हें यंत्र विसरत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न असा, कीं ओझें शीटमध्यें आहे, कीं शीटच्या बाहेर?

ह्याची परीक्षा सोपी आहे. प्रथम मूळ फाइलीची प्रत करून मूळ फाइल बाजूला ठेवावी; नुकसानीची नोंद हाच दुकानदाराचा पुरावा, त्यावर प्रयोग करूं नयेत. मग एक कोरी फाइल उघडून तींत एकच ओळ लिहावी व तिचें पीडीएफ करून पाहावें. तेंहि रेंगाळलें, तर दोष यादीचा नव्हे. पुष्कळदां तो प्रिंटरचा असतो. पानाची लांबी-रुंदी आणि समास ठरवितांना एक्सेल नेमून दिलेल्या प्रिंटरला विचारतें. तो प्रिंटर बंद असला, किंवा दुसऱ्या कचेरींतल्या जाळ्यावर असून आतां तुटलेला असला, तर उत्तराची वाट पाहण्यांतच वेळ जातो. विंडोज १० पासून संगणकांतच असलेला पीडीएफचा प्रिंटर तात्पुरता मुख्य म्हणून नेमला, कीं ही अडचण बहुधा दूर होते.

कोरी फाइल झटकन् उतरली, तर ओझें शीटमध्येंच आहे. तेव्हां कंट्रोल आणि एंड ह्या कळा एकदम दाबाव्या. यादी तिसाव्या ओळीवर संपत असतां खूण चाळीस हजाराव्या ओळीवर जाऊन थांबली, तर रेघा किंवा रंग तेथवर ओढले गेले आहेत, असें समजावें. यादीखालच्या त्या ओळी आणि उजवीकडचे रिकामे रकाने समूळ काढून टाकावे, फाइल जतन करावी आणि छापावयाचा भाग नेमका आंखून द्यावा. केवळ मजकूर पुसल्यानें भागत नाहीं. ओळच काढावी लागते.

दुसरें ओझें चित्रांचें. दुकानदारानें भिजलेल्या पोत्यांचीं छायाचित्रें मोबाइलवरून घेऊन शीटमध्यें चिकटविलीं असतील. कोपरा ओढून चित्र अंगठ्याएवढें केलें, तरी त्याचें मूळ वजन तसेंच राहतें. चित्रें आंत घालण्यापूर्वींच लहान करावीं, किंवा एक्सेलमधील चित्र दाबण्याची सोय वापरावी. दुसरीकडून मजकूर उचलून आणतांना त्याबरोबर न दिसणाऱ्या चौकटीहि येतात. वस्तूंची यादी दाखविणारें पटल उघडलें, म्हणजे त्या शेंकड्यांनीं सांपडतात.

तिसरें ओझें सूत्रांचें. दुसऱ्या फाइलींतून आंकडे आणणारीं सूत्रें ती फाइल शोधीत राहतात. कांहीं सूत्रें तर शीटमध्यें कोठेंहि बदल होतांच पुन्हां गणित मांडतात. अशा वेळीं प्रतींतील सूत्रें काढून त्यांच्या जागीं नुसते आंकडे ठेवावे. ह्या सर्व परीक्षांत नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक खेपेस किती वेळ लागला, तें घड्याळाकडे पाहून लिहून ठेवावें. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालें, तर दोष कोठें होता, हें पुढच्या पावसाळ्यांतहि कळणार नाहीं.

पीडीएफ लवकर झालें, म्हणजे काम संपलें असें नव्हे. रकाना अरुंद राहिला, तर आंकड्याच्या जागीं नुसत्या जाळीच्या खुणा उमटतात. छापण्याचा भाग चुकीचा आंखला, तर शेवटल्या ओळी गळतात. म्हणून पाठविण्यापूर्वीं शीटवरील एकूण बेरीज आणि पीडीएफवरील बेरीज शेजारीं ठेवून पाहावी. एखादी ओळ गळाली, तर तेवढी भरपाई गळेल.

खरें पाहतां हा खोळंबा एका दिवसाचा नसतो. वर्षानुवर्षें जुन्याच शीटची नक्कल करून तिच्यावर नवी यादी मांडण्याची संवय त्याच्या मुळाशीं असते. सुक्या दिवसांत, हाताशीं वेळ आणि वीज असतांना, दुकानाच्या मालाची एक स्वच्छ, कोरी यादी करून ठेवणारा गृहस्थ आषाढांत घाईला येत नाहीं. कोंकणांत पावसाच्या आधीं कौलें चाळण्याची रीत आहे. हिशेबाच्या पानालाहि ती लावावी, एवढेंच.