दगडाचं काळीज

एखाद्याला आपण 'दगडाच्या काळजाचा' म्हणतो. पण कोणत्या दगडाच्या, हे कधी सांगत नाही!

मी चारकोपला राहतो. खाडीलगतची ही जमीन. वरच्या चिखलमातीचा भरवसा नाही, म्हणून उंच इमारतींचा पाया खालच्या खडकापर्यंत न्यावा लागतो. तो खडक लाव्हाचा. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा.

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो उघड्यावर लवकर निवला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे ठसठशीत. बेसॉल्टमध्ये लोह अधिक, त्यामुळे तो पाण्याच्या सुमारे २.९ पट जड, ग्रॅनाइट २.७ पटींच्या आतबाहेर. कोकणातला जांभा मात्र सच्छिद्र. खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. माणसांचंही असंच होतं, नाही का?

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांची. लाव्हा निवताना आकसला, तडे गेले आणि हे खांब घडले. २००७ साली महापालिकेनं तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. तोवर भोवतालचा दगड खणून नेला होता. टणकपणा हाच या दगडाचा गुण आणि तोच त्याचा वैरी, कारण काँक्रीटला खडी त्याचीच लागते.

घरं हवीत, हे मलाही कळतं. पण खडी सांधून पुन्हा टेकडी होत नाही. काय फोडायचं आणि काय राखायचं, हे दगड ठरवत नाही. ते आपल्या काळजाचं काम आहे.