एका पुळीच्या निमित्ताने
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा अहवाल आपल्या हाती आहेच. तो वाचून दाखविण्यात मी आपला वेळ घेणार नाही. आज एका आजाराविषयी बोलावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातले जे सांगेन ते आमच्या डॉक्टरांकडून ऐकून शिकलेले. मात्र या हकिगतीतला दोष माझ्या खात्याचा असल्याने ती मीच सांगणे उचित होय.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी विशीतला एक शेतमजूर वडिलांसह तातडीच्या विभागात आला. अंगात ताप, असह्य डोकेदुखी, उजवा डोळा सुजून पुढे आलेला. चार दिवसांपूर्वी त्याने नाकावरची पुळी नखाने फोडली होती. डोळे आले असतील असे समजून गावी थेंब घातले गेले. आमच्या निवासी डॉक्टरांना मात्र निराळीच शंका आली : कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस.

डोळ्यांच्या खोबणींमागे, मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंस अशुद्ध रक्ताचा एकेक कप्पा असतो. मेंदूला रक्त पुरविणारी मोठी रोहिणी त्यातून जाते. डोळा हलविणाऱ्या नसाही तेथूनच जातात. डोळा बाहेरच्या अंगास वळविणारी नस तर कप्प्याच्या ऐन मध्यातून जाते, म्हणून बहुधा तीच प्रथम लुळी पडते. नाक व वरचा ओठ यांभोवतीच्या शिरा या कप्प्याशी जोडलेल्या असून त्यांतले रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते. पुळी पिळली की जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थेट आत पोचू शकतात आणि तेथे रक्ताची गुठळी धरते. नाकामागच्या सायनसचा संसर्ग किंवा क्वचित किडलेली दाढही यास कारण ठरते. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत मधुमेही रुग्णांमध्ये बुरशीनेही हीच वाट धरली. तिच्यावर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, अँफोटेरिसिन आणि शस्त्रक्रिया लागते.

दोन्ही कप्पे एकमेकांस जोडलेले असल्याने एका डोळ्याची सूज एक-दोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यावर येते. हे या आजाराचे ठळक लक्षण. पण ते दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे. काँट्रास्ट देऊन केलेल्या सीटी किंवा एमआरआय तपासणीत गुठळी दिसते, रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू कळतो. औषध मात्र अहवालासाठी अडवून ठेवावयाचे नसते. प्रतिजैविके शिरेतून, मोठ्या मात्रेत, तीन-चार आठवडे द्यावी लागतात; पू साठला असेल तेथे निचरा करावा लागतो. रक्त पातळ करणारे हेपॅरिन द्यावे की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी पुष्कळदा ते देतात. पेनिसिलिनपूर्वी या आजारातून क्वचितच कोणी वाचे. आजही जिवाचा धोका मोठाच आहे.

डॉक्टरांनी औषधे आणि सीटी लिहून दिली. अनामत रकमेच्या पावतीशिवाय औषध भांडारातून औषध मिळत नसे, सीटीही होत नसे. वडील पैसे आणावयास गावी परतले आणि पहाटे आले. तोवर मुलाचा डावा डोळाही सुजला होता. रात्रपाळीच्या कारकुनाचा काही दोष नव्हता. त्याने नियम पाळला. त्या नियमाखाली सही माझी होती.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, आणि तातडीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावयाचे असतात. या योजनेचा फलक आमच्या दर्शनी भागात लावलेला होता. अनामत भरण्याची खिडकी त्या फलकाच्या खालीच होती.

तो तरुण वाचला. उजवा डोळा मात्र बाहेरच्या अंगास वळत नाही. त्या बाजूस पाहिले की त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. ती रात्र वाया गेली नसती तर हे टळले असते का, असे मी डॉक्टरांना विचारले. निश्चित सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. त्यांनी नाही म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

आता डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईने ‘तातडी’ लिहिले की औषध व तपासणी आधी होते, पैशाची चौकशी नंतर. काही देयके निर्धन रुग्ण निधीतून भागतात, काही वसूल होत नाहीत. हिशेब तपासनिसांनी त्याबद्दल पृच्छा केली आहे आणि ती रास्तच आहे; त्यांच्या जागी मीही केली असती. ही रक्कम या वर्षीपासून मी ‘इतर खर्च’ या सदरात न दडविता स्वतंत्र दाखविली आहे. तिला सभेने मंजुरी द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.