जुने काडतूस

बारामती-इंदापूरच्या ज्या घरांतून कोणी पलटणीत गेला, त्या घरच्या जुन्या ट्रंकेत एखादे काडतूस निघाले, तर आपण ते आठवण म्हणून फळीवर मांडतो. संग्रहाचा छंद आम्हांसही आहे. बुडावरील ‘के एफ’ ही अक्षरे खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्याची; सोबतचे आकडे सालाचे. पाच काडतुसांची क्लिप, पन्नासांचा कापडी पट्टा, खोक्यावरील छापील चिठ्ठी, हा इतिहासच होय. परंतु जिवंत काडतूस कितीही जुने झाले तरी उडू शकते. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून ते बाळगता येत नाही. म्हणून त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. रिकामे खोके नि चिठ्ठी मात्र जपावी. आजोबांच्या नोकरीची साक्ष तेवढीच पुरते.