फक्त सही हवी!

शिफारस आणि वशिला, दोन्ही शब्द मराठीत बाहेरून आले. शिफारस फारसीतून, वशिला मूळ अरबीतून. अरबीत ‘वसीला’ म्हणजे साधन, कुणापर्यंत पोचण्याचा मार्ग. आपल्याकडे आल्यावर तो बदनाम झाला आणि त्याच्या संगतीनं शिफारशीलाही डाग लागला.

मी घोडबंदर रोडवर राहतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या सोसायट्यांत दिवाळीच्या आगेमागे परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची घाई सुरू होते. अमेरिकेत एम.एस.ला जायचं तर बहुधा तीन शिक्षकांची पत्रं लागतात. आमच्या शेजारी एक प्राध्यापिका आहेत. एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे सल्लागारानं लिहून दिलेलं पत्र घेऊन आली. ‘मॅडम, फक्त सही हवी.’ पत्रात विशेषणांची खैरात. मॅडम शिकवतात तो विषय मात्र चुकलेला. मॅडमनी सही केली नाही. मुदत चार दिवसांवर. मुलीचे डोळे भरून आले. मॅडमनी तिला बसवलं आणि विचारलं, ‘तुझा प्रयोग तीनदा फसला, तेव्हा तू काय केलंस?’ ती म्हणाली, ‘चौथ्यांदा केला.’ ‘मग मी हेच लिहिणार!’

मला इथे कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवतात. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हताच. पण चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेला तो त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या प्रा. सेलिग्मन यांनी पुढे लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. दोघांनीही आधी विद्यार्थी पाहिला, मग शब्द खर्च केला. वशिल्यात ओळख बापाची असते, शिफारशीत मुलाची.

म्हणून मुलांनो, मुदतीच्या निदान महिनाभर आधी शिक्षकांना भेटा. गुणपत्रिका, केलेलं काम, विद्यापीठांची नावं आणि तारखा एका कागदावर लिहून द्या. मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुम्हाला ओळखणारा शिक्षक निवडा. हल्ली शिक्षकाच्या ई-मेलवर लिंक येते, पत्र थेट विद्यापीठात जातं. अमेरिकेतल्या 1974 च्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला ते पाहण्याचा हक्क आहे. अर्जात तो सोडता का, असं विचारतात. सोडलेला बरा, पत्राला वजन येतं.

शिक्षकांनाही विनंती. चार चांगल्या ओळी लिहिता येत नसतील तर ‘दुसऱ्या सरांकडे जा’ असं वेळेवर सांगा. गुळमुळीत पत्रापेक्षा स्पष्ट नकार परवडला. आणि मागच्या बाकावरचं एखादं मूल पत्र मागायलाच कचरतं. त्याच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नसतं, सल्लागाराला द्यायला पैसे नसतात. त्याला आपण होऊन विचारा.

निकाल काहीही लागो, मुलांनो, सरांना जाऊन सांगा. पत्र लिहिणारा माणूसही वाट पाहत असतो.