बिनकानाचा कप

आपल्या घरात कपाचा कान तुटला, की तो कप दाढीच्या सामानाकडे नाहीतर पेन-पेन्सिलींकडे जातो. जपानमधल्या रोजच्या चहाच्या पेल्याला मात्र मुळात कानच नसतो. त्याचं नाव ‘युनोमी’. रुंदीपेक्षा उंची जरा जास्त, आणि धरायचा दोन्ही हातांत. सेन्चासारख्या हिरव्या चहासाठी तिकडे पाणी थोडं निववून घेतात. त्यामुळे पेला हाताला सोसला, की चहा जिभेलाही सोसतो. आपला उकळी फुटलेला चहा त्यात काठोकाठ भरलात, तर बोटं पोळतील. त्यात पेल्याचा काही दोष नाही.

आता आपल्याकडच्या शहरांतही चाकावर असे पेले घडवणारे स्टुडिओ कुंभार आहेत. ‘एका कपाला एवढे पैसे?’ हा प्रश्न त्यांना प्रत्येक प्रदर्शनात ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून पेला होतो कसा, ते आधी पाहू.

माती मळताना गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडत जातात. जपानी लोक या मळण्याला शेवंतीचंच नाव देतात. मग मोठा गोळा चाकावर बसवायचा, त्याच्या फक्त शेंड्यातून पेला ओढायचा, दोऱ्याने कापून उतरवायचा आणि उरलेल्या गोळ्यातून लगेच पुढचा. ओळखीचं वाटलं ना? आपला कुंभार पणत्या अशाच काढतो! यात एक धोका असतो. बुडाची माती नीट दाबली गेली नाही, तर वाळताना तिथे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी चीर पडते. घडवताना दिसत नाही, भट्टीतून निघाल्यावर दिसते.

पाच पेल्यांचा संच सारखा यावा म्हणून बांबूच्या काड्यांचं एक फुलीसारखं माप वापरतात. उभी काडी खोली मोजते, आडवी काडी रुंदी. त्याला म्हणतात ‘तोंबो’, म्हणजे आपला चतुर, पावसाळ्यानंतर भिरभिरणारा. माप घेताना माती आटणार हे धरावं लागतं. ओल्या पेल्यापेक्षा भाजलेला पेला एक दशांशाहून थोडा अधिकच लहान निघतो. पेला अर्धवट सुकला, की उलटा ठेवून बुडाचं कडं कोरायचं. जाणकार गिऱ्हाईक पेला हातात घेऊन आधी उलटा करतं, ते हे कडं पाहायला.

सगळं जपानी काम चाकावरचंच, असं मात्र नाही. सोळाव्या शतकात चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरो यांनी केलेले राकू वाडगे चाकाविना, नुसत्या हाताने घडवलेले होते. पुढे शोजी हामादा १९२० मध्ये बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला गेले, परतल्यावर माशिको गावी राहिले आणि आपल्या भांड्यांवर सहीसुद्धा करेनासे झाले. ही विद्या आपल्याकडेही येऊन पोचली. दिल्लीचे गुरुचरण सिंग १९१९ मध्ये शिकायला जपानला गेले होते. पाँडिचेरीत १९७१ मध्ये रे मीकर यांच्यासह गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू करणाऱ्या डेबोरा स्मिथ जपानमधल्या बिझेनला काम शिकल्या होत्या. आजचे कितीतरी भारतीय स्टुडिओ कुंभार तिथेच तयार झाले.

आता पैशांचं. हा पेला दोनदा भाजतात, दुसऱ्यांदा बाराशे अंशांच्या वर. इंधन, झिलई आणि भट्टीत वाया गेलेले नग, हे सगळं किमतीत येतं. कुल्हड कमी आचेवर भाजतो, म्हणून तो पाणी शोषतो आणि स्वस्त पडतो. इथवर हिशोब सरळ आहे. पण बोटांच्या वळ्या स्टुडिओतल्या पेल्यावर दिसल्या तर ‘हाताचा स्पर्श’, आणि कुल्हडावर दिसल्या तर ‘ओबडधोबड’, हे मला पटत नाही. गोळ्याच्या शेंड्यातून मिनिटाला दोन-तीन पणत्या उतरवणारा हात काही कमी शिकलेला नसतो.

आणखी एक. ‘जपानी’ दिसावा म्हणून मुद्दाम वाकडा केलेला पेला हल्ली बराच विकायला असतो. तो घेऊ नका. पेला हातात धरून पाहा. दिसतो त्यापेक्षा फार जड लागतो का, कड ओठाला बोचते का, टेबलावर डुगडुगतो का. आणि उलटा करून बुडाची चीर तेवढी बघा.