तारीख घातलेली पोच
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात बेकारी भत्त्याविषयी केलेले भाषण)



रोजगार हमीच्या कामावर कोण कोण गेले आहे, असे विचारले तर इथले बरेचसे हात वर होतील. काम न मिळाल्याबद्दल भत्ता कोणाला मिळाला, असे विचारले तर? बघा, सगळ्या एकमेकींकडे बघताहेत. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

ही हमी आपल्या महाराष्ट्रातली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, माती वाहायला बायका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ एवढेच आपल्या लक्षात राहिले. त्याच कायद्यात पुढे असे होते की, पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. किती? दिवसाला किमान एक रुपया! २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो वाढवला. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळात किमान निम्मा. मजुरीचा पैसा केंद्राचा, भत्ता मात्र राज्याने द्यायचा. आता सांगा, अर्ज घेताना हात आखडता का घेतला जात असे?

आमच्या भागातली एक परित्यक्ता मला नेहमी आठवते. भावाच्या घरी राहायची. तिने काम मागितले. अर्ज घेणारा म्हणाला, “तारीख राहू दे, काम निघालं की टाकू.” बाईने अंगठा उठवला आणि घरी आली. दीड महिना काम नाही. भत्ता मागायला गेली तर उत्तर मिळाले, “तुम्ही अर्ज कधी दिला? कागद दाखवा.” कागद कुठला असणार! तिची भूक खरी होती, पण भुकेवर तारीख नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट: कामाची मागणी लेखी करायची, तारीख आपण घालायची आणि सही-शिक्क्याची पोच हातात घेतल्याशिवाय उंबरठा सोडायचा नाही. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. आगाऊ मागणी केली असेल, तर ज्या दिवसापासून काम हवे त्या दिवसापासून.

दुसरी गोष्ट: एकदा अर्ज दिला म्हणजे हक्क कायमचा झाला असे नाही. तो चालू ठेवावा लागतो. जितक्या दिवसांचे काम मागितले ते दिवस संपत आले की पुन्हा अर्ज. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, तेव्हा एप्रिलमध्ये पुन्हा मागणी. गटाची एक वही ठेवा. अर्ज कधी दिला, पोच कधी मिळाली, कामाचे बोलावणे कधी आले, कोण गेली, कोण का गेली नाही, सगळे लिहा.

‘का गेली नाही’ हे मुद्दाम सांगते आहे. बोलावणे येऊन पंधरा दिवसांत हजर झाले नाही, किंवा परवानगीवाचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले, तर २००५ च्या कायद्यात तीन महिने भत्ता बंद होत असे. पोर तापाने फणफणले म्हणून बाई घरी राहते आणि कागदावर ती ‘गैरहजर’ होते. तोंडी निरोप चालत नाही. दोन ओळींची चिठ्ठी द्या, तिचीही पोच घ्या.

तिसरी गोष्ट कार्डाची. दिवस मोजले जात ते कुटुंबाचे. भावाच्या कार्डावर बहिणीचे नाव असले की दिवस भावाचे आणि बहीण रिकामी. चूल वेगळी असेल तर कार्ड वेगळे मागा. बँकेचे खातेही स्वतःचे हवे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमी १२५ दिवसांची झाली, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद त्यातही आहे. पण ऐन शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. तेव्हा आपल्याकडे हे दिवस कोणते, नमुना कोणता, हे तहसीलमधून लेखी मागून घ्या. ऐकीव माहितीवर राहू नका.

त्या बाईचे पुढे काय झाले, ते सांगते. दुसऱ्या वर्षी ती एकटी गेली नाही. अकराजणी गेल्या, प्रत्येकीच्या हातात अर्जाच्या दोन प्रती. तासभर घासाघीस झाली, पण अकरा पोचा मिळाल्या. भत्ता मिळाला का? नाही. नवव्या दिवशी बांधबंदिस्तीचे काम निघाले!

भत्ता मागायचा तो यासाठी, बायांनो. आपल्याला बसून पैसे नको आहेत, काम हवे आहे. पण काम न देणे सरकारला फुकट पडता कामा नये. ते फुकट पडते की महाग, हे आपल्या हातातल्या पोचेवर ठरते.